वनविभागाचं डेटा पोर्टल करताय? मुनाऱ्यापासून सुरुवात करा

प्रश्न असा आला आहे: "आम्ही इंदूरला एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. एका राज्याच्या वनविभागासाठी डेटा पोर्टल करायचं काम आमच्या टीमकडे आलं आहे. उपग्रहाची चित्रं आता फुकट मिळतात, प्रत्येक वनरक्षकाच्या हातात मोबाईल आहे, तरी दोन सरकारी कार्यालयांचे जंगलाचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. हे नेमकं कुठे अडतं आणि आम्ही सुरुवात कुठून करावी?"

मी जवळजवळ तीस वर्षं नकाशे आणि वनमोजणीचं काम केलं. घर राजेंद्रनगरला, पण काम बहुतेक घाटाखाली निमाडात. या अनुभवावरून सांगते, काम दोन ठिकाणी अडतं. एक, जंगलाच्या हद्दीवर. दुसरं, माहितीच्या परतीच्या वाटेवर. खालून वर गेलेली माहिती पुन्हा खाली येतच नाही.

आधी आकड्यांचं बघू, कारण बैठकीत सगळ्यात जास्त वाद त्यावरच होतो. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालात मध्यप्रदेशाचं वनाच्छादन ७७,०७३ चौरस किलोमीटर दिलं आहे, देशात सर्वाधिक. दप्तरी नोंदलेलं वनक्षेत्र मात्र सुमारे ९४,७०० चौरस किलोमीटर. नवीन माणूस वजाबाकी करतो आणि विचारतो, सतरा हजार चौरस किलोमीटर जंगल कुठे गेलं? ही वजाबाकीच करायची नसते. पहिला आकडा उपग्रहाला वरून दिसणाऱ्या झाडोऱ्याचा आहे: किमान १ हेक्टर सलग जमीन, तिच्यावर १० टक्क्यांहून जास्त झाडांची सावली, मग जमीन कुणाचीही असो. त्यात आंब्याची बाग येते, बांबूचं बेट येतं. दुसरा आकडा कायद्याने 'वन' म्हणून नोंदलेल्या जमिनीचा. तिच्यावर झाड असेल, नुसतं कुरण असेल किंवा उघडा खडक असेल, ती त्यात धरलेलीच असते. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. पोर्टलच्या पहिल्याच पानावर ते व्याख्येसकट शेजारीशेजारी ठेवा.

पहिला आकडा कसा येतो तेही नीट समजून घ्या. वन सर्वेक्षणाची स्थापना १९८१ ची आणि दर दोन वर्षांनी निघणारा अहवाल १९८७ पासूनचा. पहिल्या अहवालाची चित्रं ८० मीटर पिक्सेलची होती, आज देशभरासाठी वापरतात ती २३.५ मीटरची. म्हणजे एक पिक्सेल साधारण साडेपाचशे चौरस मीटरचा आणि एका हेक्टरात असे अठरा. निमाडात तोड होते ती अशी एका दमात एक हेक्टर होत नाही. यंदा अर्धा एकर, पुढच्या वर्षी शेजारचा अर्धा एकर. अर्धा एकर म्हणजे जेमतेम चार पिक्सेल, आणि अहवालाच्या व्याख्येत ते बसतच नाहीत. चित्रं निवडतात ती ऑक्टोबर ते डिसेंबरची, तेही कारणानेच. पावसाळ्यात ढग असतात, आणि उन्हाळ्यात आपल्याकडचा साग पानं टाकून उघडा होतो. एप्रिलमधलं चित्र घेतलंत तर भरलेलं सागवानही ओसाड माळासारखं दिसेल. माझ्याकडे शिकायला आलेल्या मुलांनी निदान दोनदा अशी नोव्हेंबर-एप्रिलची तुलना करून 'प्रचंड जंगलतोड' शोधून काढली होती. म्हणून पोर्टलवर कुठलाही थर (नकाशावर चढवलेली एकेक माहिती) चित्राची तारीख दिसल्याशिवाय उघडू देऊ नका.

आता हद्द. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण निविदेच्या कागदात हिला एक ओळ मिळते आणि प्रत्यक्षात अर्धी वर्षं हिच्यातच जातात.

आपल्या भागात वनसीमेवर मुनारे असतात. दगड रचून केलेला, चुन्याने रंगवलेला, अंगावर नंबर घातलेला खांब. दोन मुनाऱ्यांमधली सरळ रेघ म्हणजे जंगलाची हद्द. वनविभागाची ही रेघ जुन्या टोपोशीटवर, म्हणजे सर्वेक्षण खात्याच्या छापील नकाशावर आहे, १:५०,००० च्या प्रमाणात. महसूल विभागाची रेघ पटवाऱ्याच्या गावनकाशावर आहे, १:४,००० च्या आसपास. (महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी: आमच्याकडे तलाठ्याऐवजी पटवारी आणि सातबाऱ्याऐवजी खसरा.) टोपोशीटवरचा १ मिलिमीटर जमिनीवर ५० मीटर होतो, गावनकाशावरचा ४ मीटर. म्हणजे टोपोशीटवर पेन्सिलीची अर्धा मिलिमीटर जाडीची रेघच मुळात पंचवीस मीटर रुंद. त्या रुंदीत एखाद्याचं आख्खं शेत बसतं. तरी संगणकावर ती रेघ उतरवली की केसासारखी बारीक दिसते, आणि बघणाऱ्याला वाटतं हद्द इतकी नेमकी ठाऊक आहे.

माझ्या हातून घडलेलं सांगते. निमाडातल्या एका वनमंडळाच्या सीमा आम्ही जुन्या टोपोशीटवरून संगणकावर उतरवल्या. पडद्यावर काम सुबक दिसत होतं. वर्षभराने एका बारेला आदिवासी शेतकऱ्याला अतिक्रमणाची नोटीस गेली, कारण आमच्या नकाशात त्याचा मक्याचा तुकडा जंगलात पडत होता. तो माणूस वाद घालत बसला नाही. आम्हाला घेऊन तो बांधाने चालत गेला, करवंदाच्या जाळीत हात घालून पाला बाजूला केला आणि मुनारा दाखवला. चुना उडालेला होता, पण नंबर वाचता येत होता. मी जीपीएस त्या दगडावर ठेवला. आमची रेघ तिथून शेतात कितीतरी आत सरकलेली होती. कार्यालयात येऊन तपासलं तेव्हा कळलं, जुनी शीट एव्हरेस्ट या जुन्या मापन-आधारावर होती आणि ती चढवताना आजच्या जीपीएसचा आधार, डब्ल्यूजीएस-८४, निवडला गेला होता. एका खिडकीतली एक चुकीची निवड. चूक आमच्या टेबलावरची होती, नोटीस त्याच्या दारात गेली. ती मागे घेतली जाईपर्यंत दोन पेरण्या झाल्या. त्या दोन हंगामांची भरपाई त्याला कुणी दिली नाही, आणि हे मला आजही टोचतं.

मध्यप्रदेशात याच्या जोडीला 'ऑरेंज एरिया' आहे. जमीनदारी संपल्यावर हजारो गावांच्या जमिनी संरक्षित वन म्हणून अधिसूचित झाल्या, नंतर त्यांची छाननी झाली, आणि मधल्या काळात महसूल खात्याने त्यातल्याच कित्येक जमिनींचे पट्टेही दिले. एकच जमीन दोन दप्तरांत. नकाशावरच्या नारंगी रंगावरून या वादाला नाव पडलं आणि तो अजून पूर्ण मिटलेला नाही. तुमचं पोर्टल हा वाद सोडवू शकत नाही, पण लपवूही नये. म्हणून माझा आग्रह असा: हद्दीच्या प्रत्येक रेघेला तीनपैकी एक स्थिती द्या, 'जागेवर जुळलेली', 'फक्त कागदावरून घेतलेली', 'वादातली', आणि तिन्हींचे रंग वेगळे ठेवा. प्रत्येक मुनारा स्वतंत्र बिंदू म्हणून नोंदवा: अक्षांश-रेखांश, कुठल्या उपकरणाने, किती मीटरच्या अचूकतेने, कोणत्या तारखेला, फोटो, आणि त्या वेळी हजर कोण होतं. वनरक्षक, पटवारी आणि गावातला एक माणूस, तिघांच्या नोंदीशिवाय 'जुळलेली' हा शिक्का बसू नये. बैठकीत कुणीतरी नक्की म्हणेल की वादातली रेघ जनतेला दाखवायची कशाला. तिथे मागे हटू नका. ज्या नकाशात वाद दिसत नाही तो नकाशा पुढे न्यायालयात पुरावा म्हणून उभा राहतो, आणि शिक्षा कुणा भलत्यालाच होते.

दुसरी अडचण परतीच्या वाटेची. एका वनरक्षकाचा दिवस जवळून बघा. बीट दहा-पंधरा चौरस किलोमीटरची, सकाळी सहाला निघायचं, खिशात डायरी, हातात मोबाईल. गस्तीचं एक ॲप, आगीच्या सूचनेचं दुसरं, रोपवनाच्या फोटोंचं तिसरं, आणि महिन्याअखेरी रेंज ऑफिसातल्या एक्सेलच्या तक्त्यात तेच सगळं पुन्हा. जंगलात नेटवर्क नाही. दुपारपर्यंत बॅटरी संपते. मग तो काय करतो? जागेवर डायरीत पेन्सिलीने लिहितो, 'नाला ओलांडून महुआखाली दोन ठुंठ, ताजे, घेर ९० सेंमी' (ठुंठ म्हणजे कापलेल्या झाडाचा उरलेला बुंधा), आणि संध्याकाळी चौकीच्या ओट्यावर बसून दिवसभराचं एकत्र भरतो. वेळ संध्याकाळची पडते, जागा चौकीची. वर बसलेल्याला वाटतं माणूस गेलाच नाही. मी अशा कितीतरी डायऱ्या वाचल्या आहेत. सर्व्हरवर असलेल्या नोंदीपेक्षा त्या डायरीत जास्त जंगल असतं.

म्हणून एक नोंद एकदाच भरली जावी, आणि पुढे गस्त, गुन्हा, आग, मासिक तक्ता या सगळ्यांना तिथूनच मिळावी. ॲप नेटवर्कशिवाय पूर्ण चाललं पाहिजे आणि नोंद केव्हा घेतली व केव्हा पोचली या दोन वेळा वेगळ्या साठवल्या पाहिजेत. रकाने कमी ठेवा. कापलेल्या झाडाची जात, बुंध्याचा घेर, ताजं की जुनं, फोटो, जागा. एवढं पुरतं. जातींची नावं तो बोलतो तीच द्या: सागवान, धावडा, सालई, अंजन, महुआ. शास्त्रीय नाव मागे यंत्र जोडेल. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याला त्याची स्वतःची बीट परत दाखवा: गेल्या पाच वर्षांत आग कुठे लागली, कुठल्या कक्षात, म्हणजे जंगलाच्या नंबर दिलेल्या तुकड्यात, ठुंठ वाढले, कुठला पाणवठा मार्चमध्ये आटतो. आजवर मी ज्या वनरक्षकांना विचारलं, त्यातल्या बहुतेकांनी आपलीच माहिती पुन्हा कधी पाहिलेली नव्हती. ज्याला स्वतःच्या नोंदीचा उपयोग दिसतो, तो नोंद मन लावून करतो. एम-स्ट्राइप्समध्ये हे बऱ्याच अंशी साधलं आहे. २०१० मध्ये व्याघ्र प्रकल्पांसाठी आलेली ही पद्धत गस्तीचा मार्ग, पाऊलखुणा आणि गुन्हे एकाच नकाशावर आणते, आणि तिच्यामुळे व्याघ्रगणनेच्या कामाला शिस्त आली. साध्या, वाघ नसलेल्या वनमंडळांच्या वाट्याला तशी काळजी आलेली नाही.

आगीचं उदाहरण घ्या, म्हणजे माहितीची परत-वाट का लागते ते कळेल. २००४ पासून उपग्रहावरून आगीच्या सूचना येतात. आधी चौकट १ किलोमीटरची होती, आता ३७५ मीटरची आहे, म्हणजे साधारण १४ हेक्टरांत कुठेतरी आग आहे एवढं कळतं. मार्च-एप्रिलमध्ये महुआची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तिथून वणवा पसरतो. त्याच दिवसांत जंगलालगतच्या शेतांत गव्हाची नरवाई, म्हणजे कापणीनंतर उरलेले खुंट, जाळतात. उपग्रहाला दोन्ही सारखेच. वनरक्षक तासभर चालून जातो आणि बघतो तर नरवाई. हे त्याने एका बटणावर कळवलं आणि कळवलेलं साठत गेलं, तर तीन उन्हाळ्यांत कुठल्या चौकटीतली सूचना खरी आणि कुठली शेतातली हे तुमचं यंत्र चांगलं ओळखू लागेल. त्याचं उत्तर साठवलंच नाही, तर तो दरवर्षी तितकाच चालणार. २०२५ मध्ये मध्यप्रदेशाने शिवपुरी, गुना, विदिशा, बुऱ्हाणपूर आणि खंडवा या पाच वनमंडळांत कृत्रिम बुद्धिमत्तेची सूचना-यंत्रणा प्रयोग म्हणून सुरू केली. वेगवेगळ्या तारखांची चित्रं ताडून बदल शोधायचा आणि जागेवर गेलेल्या माणसाचा फोटो व अभिप्राय परत यंत्राला द्यायचा, ही तिची रचना मला योग्य दिशेची वाटते. फक्त अभिप्राय देणाऱ्याला 'इथे काही झालेलं नाही, सूचना चुकीची' असं निर्भयपणे लिहिता आलं पाहिजे.

पावसाळ्यातल्या आंधळ्या चार महिन्यांवरही आता उपाय आहे. जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून गेलेला निसार हा रडार उपग्रह ढगांतून पाहतो आणि बारा दिवसांनी पुन्हा त्याच जागेवर येतो. युरोपची सेंटिनेल-२ ची १० मीटरची चित्रं तर कधीपासून मोफत आहेत. तुमच्या रचनेत या थरांना जागा ठेवा, पण सगळं अंदाजपत्रक त्यांच्यावर घालवू नका.

माहिती लोकांसमोर ठेवण्याबद्दल मला ब्राझीलचं उदाहरण नेहमी आठवतं. त्यांची अंतराळ संस्था १९८८ पासून ॲमेझॉनच्या तोडीची वार्षिक मोजणी करते आणि २००४ पासून जलद सूचनाही देते. नकाशे सगळ्यांना खुले. २००४ साली सुमारे २७,८०० चौरस किलोमीटर तोड झाली होती, ती २०१२ पर्यंत सुमारे ४,६०० वर आली. श्रेय एकट्या नकाशांचं नाही. जागेवर धाडी पडल्या, नियम मोडणाऱ्यांचं शेतीकर्ज रोखलं गेलं, सोयाबीन व्यापाऱ्यांनी तोडलेल्या जमिनीवरचा माल न घेण्याचं ठरवलं. पण या तिन्ही गोष्टी करायला सरकार, बँक आणि व्यापारी यांच्यासमोर एकच नकाशा होता. पुढे २०१९ मध्ये आकडे अडचणीचे वाटले तेव्हा त्या संस्थेच्या प्रमुखांना पद सोडावं लागलं, तरी मोजणी थांबली नाही. इतकी वर्षं ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर चालली होती.

आपल्याकडे कायद्याची अडचण लोक समजतात तेवढी नाही. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सरकारला स्वतःहून माहिती द्यायला सांगतं, २०१२ पासून खुल्या डेटाचं राष्ट्रीय धोरण आहे, आणि २०२१ मध्ये नकाशांवरचे बरेच जुने निर्बंध उठले. अडतं ते सवयीत. तक्ता पीडीएफमध्ये, नकाशा चित्र म्हणून, आणि मागचे आकार (नकाशातल्या हद्दींची मूळ फाईल) मागितले की पत्रव्यवहार. पोर्टलवर प्रत्येक आकड्यामागे त्याचा आकार उतरवून घेता आला पाहिजे. शिवाय जुना थर कधी पुसू नका. चांगली चित्रं आली की मागच्या वर्षाचे आकडे सुधारावे लागतात, ते रास्तच आहे, पण जुना आकडा, नवा आकडा आणि बदलाचं कारण तिन्ही शेजारी दिसले पाहिजेत. नाहीतर जंगल वाढलं की मोजणी बदलली हे दहा वर्षांनी कुणालाच सांगता येणार नाही.

सगळं खुलं करायचं नाही, हेही तितक्याच ठामपणे सांगते. वाघाच्या कॅमेऱ्यांच्या जागा, चंदनाची झाडं, दुर्मीळ औषधी वनस्पतींचे पट्टे, वनहक्काच्या दावेदारांची वैयक्तिक कागदपत्रं बंदच राहिली पाहिजेत. पण 'संवेदनशील' हा शब्द एकेका थराला कारण लिहून लावा, सरसकट नाही.

ज्यांना ही माहिती सगळ्यात जास्त हवी असते त्या ग्रामसभांकडे पोर्टल करणाऱ्यांचं लक्ष शेवटी जातं. वनाधिकार कायद्याखाली जंगलातल्या जमिनीवर हक्क मागताना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. मध्यप्रदेशात २०१९ मध्ये फेटाळलेले दावे पुन्हा तपासायला वनमित्र पोर्टल आलं. ज्याचा दावा आहे त्याने मोबाईलवर अर्ज भरायचा, आणि पुराव्याचं उपग्रहचित्र मात्र कार्यालयात! शेजारच्या गुजरातेत नर्मदा जिल्ह्यात आर्च-वाहिनी या संस्थेच्या लोकांनी वेगळा रस्ता धरला. गावातल्या मुलांना जीपीएस शिकवलं, प्रत्येक शेताच्या कडेने चालून मोजणी केली आणि ती २००५ च्या उपग्रहचित्रावर बसवून दाव्याला जोडली. नुसत्या उपग्रहचित्राच्या आधारे दावे नाकारण्याचा प्रश्न त्यांनी गुजरात उच्च न्यायालयात नेला. २०१२ च्या सुधारित नियमांतही स्पष्ट लिहिलं आहे की उपग्रहचित्र इतर पुराव्याला पूरक असेल, त्याची जागा घेणार नाही. तुमच्या पोर्टलवर कुठल्याही ग्रामसभेला आपल्या गावच्या सीमेतलं २००५ चं आणि आजचं चित्र शेजारी ठेवून, छापून घेता आलं पाहिजे. तांत्रिकदृष्ट्या हे दोन आठवड्यांचं काम आहे. ते पहिल्या टप्प्यात घाला. दुसऱ्या टप्प्यासाठी ठेवलेलं बहुतेक वेळा होत नाही.

करार करताना एवढं पाहा: माहितीची मालकी विभागाची आणि कंपनी बदलली तरी सगळं एका खुल्या स्वरूपात बाहेर काढता येईल. ज्यांचा करार संपला अशी निदान तीन पोर्टलं माझ्या डोळ्यांसमोर बंद पडली, आणि त्यांच्याबरोबर वनरक्षकांनी उन्हात हिंडून गोळा केलेली वर्षंही गेली.

सुरुवात कुठून, हे विचारलंत. कोड लिहायच्या आधी एक बीट निवडा आणि तिथल्या वनरक्षकाबरोबर मुनाऱ्यापासून मुनाऱ्यापर्यंत पूर्ण हद्द चाला. हातात विभागाचा नकाशा, गावनकाशा आणि एक चांगला जीपीएस असू द्या. परवानगी काढून चोरलच्या बाजूला गेलात तर इंदूरहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. पावसाळ्यात जाऊ नका, गवत कमरेएवढं असतं आणि मुनारे सापडत नाहीत. नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात जा. गवत बसलेलं असतं, सागाला पानं असतात, आणि त्या दिवसांत उपग्रहाने घेतलेलं चित्र तुम्ही पाहिलेल्या जंगलाशी नंतर ताडून बघता येतं. पटवाऱ्यालाही आठ दिवस आधी सांगून ठेवा.